साथ म्हणायचं नाही

बाई,

तुमच्या नावाची पाटी लागली. आमच्या जुन्या वस्तीतल्या दवाखान्यावर, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत. नाव, नावामागे पदव्यांची शेपूट, खाली ‘माजी आरोग्य अधिकारी’. कसब्यातल्या दवाखान्यातल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "दगडाला पॉलिश केलंत ते राहू दे, आत हात धुवायला साबण आहे का?" सरकारी खोलीतल्या बाई म्हणाल्या असत्या, "छान. फोटो काढलेत ना?" मी दोघींना ओळखत होते. पहिलीशी माझं भांडण नाही. हे पत्र दुसरीला आहे, पण दोघी एकाच सरणावर गेलात, तेव्हा पहिलीनंही ऐकून घ्यावं.

शाळेत दुसरी पास झालेल्या बाईनं लिहिलंय, शुद्धलेखन काढत बसू नका. काढलंत तर दोष तुमच्याकडेच येईल, कारण दुसरीनंतरचं जे काही मला येतं ते तुम्ही शिकवलेलं आहे. ज्या पावसाळ्यात माझी सून गेली, त्या पावसाळ्यात तुम्ही एक शब्द तोंडातून काढला नाहीत. साधा शब्द, पोरासोरांना येणारा. तो तुम्ही काढला असतात तर काय झालं असतं, हे मी इतकी वर्षं भांडी घासताना, भाजी निवडताना, नातवाच्या शाळेच्या दारात उभी असताना घोळवत आले. आता त्या शब्दाचं जे काही झालं ते तुम्हाला सांगते. म्हणजे, सांगत नाही. लिहिते.

तुमचा दवाखाना मला अजून दिसतो. कसब्यातल्या बोळात, तळमजल्यावर एकच खोली, मध्ये पडदा, पडद्याअलीकडे बाक. शेजारी तांबट. दिवसभर त्याची ठकठक चालू, आणि तुम्ही कुणाच्या छातीला नळी लावली की खिडकीतून ओरडायच्या, "अहो, जरा थांबा, मला छाती ऐकायची आहे." तो हातोडी वर धरून थांबायचा. बाकावरचे सगळे श्वास रोखून बसायचे, जणू त्यांचीच छाती तपासतायत. मग तुम्ही म्हणायच्या, "चालू द्या," आणि बोळ पुन्हा वाजायला लागायचा. मी तिथं झाडलोट करायला, सुया उकळायला. बाटल्यांवर तुम्ही मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणालात, "वाचता येत नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही." दुसरीतलं वाचन मी केव्हाच विसरले होते, मी हात लावला नाही. रोज पुसायच्या बाटल्या धूळ खात राहिल्या. तेव्हा तुम्हीच कंटाळून मला समोर बसवलंत आणि ‘पोटदुखी’पासून सुरुवात केली. जोडाक्षरं मी ‘मलम’ संपवून ‘जुलाबावर’ ओलांडून ‘कॅल्शियम’ला पोचले तेव्हा आली. पोरी शाळेत कमळ-बदक शिकतात, मी खरूज-नायटा शिकले.

शब्दांच्या बाबतीत तुम्ही फार वाईट होता. बाकावरच्या माणसाला ढिसाळ बोलायची सोय नव्हती. कुणी म्हणालं "बाई, अंगात कसर आहे," की तुमचं आलंच, "कसर तापाची की जेवणातली?" म्हातारा म्हणायचा चक्कर आली. "चक्कर म्हणजे काय? तुम्ही फिरलात की घर फिरलं?" म्हातारा बिचारा विचारात पडायचा. मग सांगायचा, "घर फिरलं." "हां, आता कळलं," म्हणून तुम्ही त्याच्या कानात बघायला घ्यायच्या. मला तुम्ही म्हणाला होतात, रोग अर्धा तिथंच सापडतो, माणूस नेमका शब्द बोलला की. मी ते धरून ठेवलं. मूर्ख बाया असंच काहीबाही धरून ठेवतात.

आणि बोलणी. एकदा सुई पुरती उकळायच्या आत मी भांड्यातून काढली. बाहेर गर्दी होती, एक बाई तापाचं पोर घेऊन माझ्या अंगावरच बसल्यासारखी बसली होती. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "तुझ्या घरच्याला टोचणार आहेस का ही?" मी म्हणाले, घाई होती. "घाई तुझी. फोड कुणाला येईल?" सगळा बाक माझ्याकडे बघत होता. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हणाले, उद्यापासून जात नाही. दुसऱ्या दिवशी गेले. कारण तुमचं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवायला फार ताकद लागते. पुढं ती ताकद माझ्यात आली, तुमच्याच कृपेनं.

मग पेठेत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या. ज्याची त्याची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला. तुमच्या बरोबरच्या डॉक्टरांनी काचेचे दरवाजे लावून नर्सिंग होम काढली, आणि सगळे म्हणायला लागले, आता बाई पण काढणार, लिफ्ट लावणार. आणि तुम्ही काय केलंत? दवाखाना बंद करून आरोग्य खात्यात नोकरी धरलीत. पेठेत मी सांगत फिरले की पेन्शनसाठी गेल्या. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण मी पडद्याअलीकडेच उभी होते. एका घरातली तिसरी पोर त्याच हगवणीनं आली होती. पहिल्या दोघींना तुम्ही गोळ्या देऊन उठवलं होतं, ही उठली नाही. तिला नेल्यावर तुम्ही हात धुतलेत, पुन्हा धुतलेत आणि भिंतीला म्हणालात, "मी इथं गोळ्या वाटतेय आणि गटार मजा बघतंय." मला वाटलं, आता ही बाई गटाराला धडा शिकवायला निघाली. अभिमान वाटला. जाताना तुम्ही मला औषधांचं काचेचं कपाट दिलंत. मी ते हातगाडीवरून वस्तीत नेलं, त्यात ताटंवाट्या लावल्या. तर शेजारपाजारच्या बाया संध्याकाळी यायच्या आणि कपाटाकडे बघून म्हणायच्या, "डोकं दुखतंय हो, काहीतरी द्या ना." मी म्हणायची, "वाटी देऊ का?"

तुम्ही वर चढत गेलात. आधी मोपेडवरून फिरणाऱ्या, मग जीपमध्ये बसलेल्या, मग जीपच्या मागच्या सीटवर बसलेल्या. वस्तीत पोलिओचे थेंब पाजायला तुमच्या पोरी यायच्या, तेव्हा तुम्ही स्वतः येऊन उभ्या राहायच्या, लपवलेलं पोर खाटेखालून बाहेर काढायच्या. ते काम चोख होतं, मी नाही म्हणत नाही. पण तुमची भाषा बदलली. कसब्यात तुम्ही ‘मी बघते’ म्हणायच्या. आता ‘बघितलं जाईल’ म्हणायला लागलात. कोण बघणार, ते वाक्यातून निघूनच गेलं.

आमची वस्ती खराडीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. तिकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. त्यांचा पाया खोदणारे आमच्यातले, त्यांच्या विटा वाहणाऱ्या आमच्यातल्या, आणि उभ्या राहिल्यावर तिथल्या फरशा पुसणाऱ्याही आमच्यातल्याच. माझी सून त्यांतलीच एक, निळा कोट घालून जायची. त्या इमारतींना वायरी लागतात. त्या टाकायला कुठल्याशा ठेकेदारानं आमचा रस्ता उन्हाळाभर उकरला, पावसाच्या तोंडावर माती लोटली आणि निघून गेला. खाली ड्रेनेज फुटलेलं, त्याला लागून पाण्याची लाईन फुटलेली. वरून रस्ता छान सपाट. सुरुवातीला पाण्याला वास यायचा, मग वास यायचा थांबला, की आमची नाकं सरावली, कोण जाणे. पाऊस लागला आणि माणसं पिवळी पडायला लागली.

मी तुमच्या ऑफिसात आले तो दिवस. बाहेर बाकडं. शिपाई विचारतो, "काम काय?" मी म्हणते, बाईंना भेटायचंय. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." मी म्हणते, "मग मीटिंगला सांगा, कसब्यातली आली आहे." तो हसतो आणि आत जातो. तेवढ्यावर तुम्ही मला बोलावलंत, हे कबूल. टेबलावर काच, काचेवर तीन फोन, मागे नकाशा.

"अगं, ये, बस. गुडघे कसे आहेत?"

"जागेवर आहेत. बाई, आमच्याकडे काविळीची साथ आलीय का?"

तुम्ही आधी दाराकडे बघितलंत. मग माझ्याकडे. "साथ म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"तुरळक. तुरळक रुग्ण आहेत."

"आमच्या गल्लीत घरटी एक पिवळा आहे. ते तुरळक?"

"तपासणी चालू आहे. लाईन शोधली जातेय. क्लोरीन वाटायला मुली पाठवल्यात ना?"

"पाठवल्यात. त्या बाटली देतात आणि चहा विचारल्यासारखं विचारतात, पाण्यात टाकणार ना? कशासाठी ते सांगत नाहीत. बाई, सुनेचे दिवस भरत आलेत."

एक फोन वाजत होता. तुम्ही त्यावर हात ठेवलात, उचलला नाहीत. "तिला पाणी उकळून देत जा हो," म्हणालात. आणि मग उचललात.

हे वाक्य मी हजारदा उलटंपालटं करून पाहिलंय. तुम्ही सांगितलंत, हे खरं. पण कसं सांगितलंत? दारातून निघणाऱ्याला आपण ‘सावकाश जा’ म्हणतो, तसं. पायरीवरून पडेल म्हणून कुणी म्हणत नाही, म्हणायचं असतं म्हणून म्हणतं. पोटुशी बाई या काविळीत दगावते, हे तुम्हाला ठाऊक होतं. डॉक्टर होता तुम्ही. माझा हात धरून, कसब्यातल्यासारखं डोळे वटारून म्हणाला असतात, "उकळून दे, नाहीतर मरेल," तर मी घराचा दरवाजा फोडून चुलीत घातला असता.

मी ‘तुरळक’ हा शब्द घेऊन घरी आले. गल्लीत बाया वाटच बघत होत्या. "काय म्हणाल्या बाई?" तुरळक आहे म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाई म्हणाल्या म्हणजे झालं, मीच तर वर्षानुवर्षं सांगत होते, आमच्या बाई ढिसाळ शब्द बोलत नाहीत. रॉकेल रेशनचं, स्वयंपाकालाच अपुरं. साथ असती तर लोकांनी खाट जाळून पाणी उकळलं असतं. तुरळकासाठी कोण काय जाळतं? सुनेला मी उकळून द्यायला लागले. तर ती लाजायची. "आई, सगळे तेच पाणी पितात, मीच काय राणी लागून गेले? आणि तुरळकच आहे ना?" असं म्हणून माठात पेला बुडवायची. तुमचाच शब्द मला ऐकवायची, बघा. चार वर्षांचा नातू तिच्या पायाशी, तिचं बघून तोही ‘तुलळक, तुलळक’ म्हणून नाचायचा.

तिचे डोळे पिवळे झाले, मग दोन दिवसांत ती माणसं ओळखेनाशी झाली. सरकारी दवाखान्यात नेली. ती गेली आणि पोटातलंही गेलं. याहून जास्त त्यावर मला लिहायचं नाही.

सुनेच्या पुण्यानुमोदनाला भन्तेजी आले होते, दारात मांडव घातला होता, वंदना चालू होती. तुम्ही आलात. जीप लांब ठेवून, चालत, छत्री घेऊन. मागे उभ्या राहिलात, हात जोडून. वंदना संपली तसं मी उठले, घरात गेले, नळ सोडला आणि पेला भरून आणला. बसलेल्यांना दिलं तसलं उकळलेलं नाही, सरळ नळाचं. "घ्या बाई, पाणी." आल्या माणसाला पाणी द्यायची रीत आहे, रीत मी मोडली नाही. सगळी गल्ली बघत होती. तुम्ही पेल्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि पेला तोंडाला लावून संपवलात. थेंब ठेवला नाहीत.  मला वाटलं, ही बाई स्वतःला शिक्षा करून घेतेय, आता मी हिच्यावर रागवू तरी कशी? पंधरवड्यानं मला लाईनवरच्या माणसाकडून कळलं की फुटका पाइप पुण्यानुमोदनाच्या आदल्याच दिवशी बदलला होता. पाणी चांगलं होतं. तुम्हाला ते माहीत होतं, मला नव्हतं. तुमचं प्रायश्चित्तसुद्धा तपासून घेतलेलं होतं, बाई.

त्या दिवशी मी तुम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले, तेव्हा तुम्ही कारण सांगितलंत. मी मागितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुमची वस्ती उठवायचा कागद तयार आहे. त्या जागेवर डोळा आहे लोकांचा. तिथं साथ आहे असं माझ्या सहीनं वर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आरोग्याला धोका म्हणून बुलडोझर आला असता. भर पावसात पाचशे घरं रस्त्यावर. त्यात किती मेले असते? मी लाईन गुपचूप शोधत होते. आठ दिवस लवकर सापडली असती तर..." 

मी म्हणाले, "घर आहे, बाई. सून नाही."

आपलं शेवटचं बोलणं तेवढंच. तुम्ही रिटायर झालात, मग गेलात. मला निरोप आला होता. मी रेशनच्या रांगेत होते. रांग सोडली नाही.

वस्ती उठली नाही, हे मात्र खरं झालं. पुढं कायम झाली, घरांच्या जागी इमारत आली, आमच्या वाट्याला एक खोली आली. मुलानं दुसरं लग्न केलं आणि तिकडे चिंचवडला गेला. नातू माझ्याकडे राहिला. ती भाड्यानं देऊन आम्ही दोघं लांब पत्र्याच्या खोपटात राहिलो, आणि त्या भाड्यावर तो इंजिनीअर झाला. आता खराडीला काचेच्या इमारतीत बसतो, वाघोलीला कर्जावर फ्लॅट घेतलाय. सहाव्या मजल्यावर मी बसते आणि खाली पाण्याच्या टँकरची रांग बघते. नातसून भंडाऱ्याकडची, कॉम्प्युटरवरचीच, पण पोळ्या बऱ्या करते. आई कशानं गेली, असं नातवानं लहानपणी विचारलं होतं. मी सांगितलं, काविळीनं. त्यानं पुढं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ज्या माणसाला चार वर्षांचा असल्यापासून मी वाढवला, त्याला त्याची आई एका न बोललेल्या शब्दानं गेली हे कसं सांगायचं? हवामानावर बोलल्यासारखं तर सांगता येत नाही.

तर आरोग्य खात्यातली एक पोरगी घरी आली. गोड होती, वही काढून बसली. "आजी, मॅडमबरोबर काम केलेल्या आता तुम्हीच राहिलात. दवाखान्याला त्यांचं नाव देतोय. तुम्ही दोन शब्द बोला ना."

"दोन पुरतील का?"

"तुम्हाला वाटेल तेवढे."

"मग दोनच बोलते," मी म्हणाले. आणि मी ठरवलं. ‘साथ होती.’ हेच दोन. जो शब्द त्या जागेवर कधी उच्चारला गेला नाही, तो तिथंच, माइकवर, तुमच्या पाटीसमोर, खात्याच्या माणसांसमोर आणि माझ्या नातवासमोर. मग विचारू दे त्याला काय विचारायचं ते. आठवडाभर मी न्हाणीघरात दार लावून म्हणून बघत होते. नातसून बाहेरून विचारायची, "आजी, कोणाशी बोलता जी?" मी म्हणायची, बादलीशी.

त्या दिवशी मांडव, खुर्च्या, सूत्रसंचालनाला शाळेतले एक मास्तर, शब्दाला शब्द जोडणारे. माझं नाव पुकारलं. नातवानं हात धरून वर चढवलं आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसला. माइक हातात आला आणि मला एकदम वाटलं, एवढ्या माणसांपुढं दोन शब्द फारच लहान आहेत. म्हणून मागंपुढं थोडं लावलं. तिथंच घात झाला. मी म्हणाले, "मला भाषण येत नाही. एवढंच सांगते. त्या पावसाळ्यात इथं साथ होती. बाईंनी ती कधी बोलून दाखवली नाही. पण साथ होती."

आणि बाई, टाळ्या. आधी पहिली रांग, मग सगळा मांडव. खात्याची पोरगी डोळे पुसतेय. मला कळेना. मास्तरांनी माइक माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "व्वा! आजींनी एका शब्दात मॅडमचं अख्खं आयुष्य सांगितलं. साथ! न बोलता दिलेली साथ!"

"अहो मास्तर, ती साथ नव्हे..."

"बसा आजी, बसा. भरून आलंय सगळ्यांना."

अंगावर शाल आली, हातात नारळ आला. आणि त्यानंतर जो उठला तो साथ घेऊनच उठला. आजींनी म्हटल्याप्रमाणे प्रशासनाची साथ, नागरिकांची साथ, स्वच्छतेला सर्वांची साथ. त्या साली जेवढी तुम्ही दाबून ठेवलीत, तेवढी सगळी त्या तासाभरात वाटली गेली. मी शाल पांघरून, तोंड मिटून बसले होते. कसब्यातल्या बाई असत्या तर उठून विचारलं असतं त्यांनी, "साथ म्हणजे काय? धरणारी की पसरणारी?" असं विचारणारं माणूस मांडवात एकही नव्हतं.

परतीच्या वाटेवर नगर रोड तुंबलेला. नातू गाडी चालवतोय, खूष आहे. "आजी, काय बोललीस तू! आम्हाला वाटलं होतं, टोमणे मारशील." मी खिडकीबाहेर बघतेय. नातसून मागच्या सीटवर. मग म्हणते, "आजी, कोणती साथ म्हणत होत्या जी तुम्ही? आमच्याकडे साथ म्हटली का तापच आठवते."

मी मागे वळून तिच्याकडे बघितलं. पोरीनं नेमकं विचारलं होतं.

"तीच," मी म्हणाले. "काविळीची."

मग सांगितलं. फुटकी लाईन, पिवळी गल्ली, तुमचे तीन फोन, तुरळक. गाडी जागच्या जागी उभी होती, मागचे हॉर्न वाजवत होते, पुढचे हलत नव्हते. नातवानं दोन्ही हात चाकावर ठेवले होते.

"म्हणजे त्या बाईला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाही?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे वर्षानुवर्षं धार लावून ठेवलेली होती. खुर्ची जपायची होती. वरच्यांना भ्यायली. आपण कोण तिचे? यातलं कुठलंही मी काढणार होते. तोंड उघडलं आणि तुमचं कारण बाहेर आलं. वस्ती उठवायचा कागद, तुमची सही, बुलडोझर, भर पावसात पाचशे घरं. तुमच्याच शब्दांत, तुमच्याच क्रमानं, ‘आठ दिवस लवकर सापडली असती तर’ इथपर्यंत. मी तिथंच थांबले, जिथं तुम्ही थांबला होतात.

त्यानं गियर टाकला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "आणि वस्ती उठली असती तर ती खोली..."

"खोली नसती. तुझं कॉलेज नसतं. ही गाडी नसती."

"पण आई असत्या," नातसून मागून म्हणाली.

 पुढची गाडी हलली, आम्ही हललो. घरी आल्यावर नातू गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवायला आला तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, आई दिसायला कशी होती, आणि मी सांगत बसले.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, तशी समजूत करून घेऊ नका. तुम्ही माझ्या हाताला धरून खरं सांगायला हवं होतं, खात्याला नाही तर मला, आणि ते तुम्ही केलं नाहीत. हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण गाडीत त्या पोराला तुमचं कारण सांगताना माझ्या कानांना ते खोटं वाटलं नाही. इतकी वर्षं तुमच्या तोंडी ते खोटं वाटत आलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं तर खरं. हे तुम्हाला कळता कामा नये. पत्र पाठवत नाही, ते त्यासाठी. पत्त्याचं काय, तो मी कुठूनही काढला असता.